ऑफिसात भुताटकी, तीही पऱ्हाटीची

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी, म्हणजे पाश्चात्त्यांच्या भुताखेतांच्या सणासाठी, ऑफिस सजवायला प्लॅस्टिकचे सांगाडे मागवायची गरज नाही. आपल्या विदर्भात तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो, तोच वापरा. सरकी काढलेली मूठभर रुई घ्या आणि पार विरळ होईस्तोवर ताणून कपाटाच्या कोपऱ्यात अडकवा. झालं कोळ्याचं जाळं! जाड ठेवलं तर जाळं न दिसता फाटकी गादी दिसते. पण रुई ठिणगीनेही पेटते, म्हणून पंखा, स्विचबोर्ड, उदबत्ती यांपासून लांबच ठेवा.

घरी सरपणाला ठेवलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वाळू भरलेल्या घमेल्यात रोवल्या की वाळकं झाड तयार. त्यावर काळ्या कागदाची वटवाघळं लटकवा.

हॅलोविनच्या दिव्यासाठी आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरत, तिथले लोक अमेरिकेत गेल्यावर भोपळा आला. आपण गंगाफळ, म्हणजे आपला लाल भोपळा, घ्यावं. वरून झाकण न कापता बुडाकडून कापा, गर खरवडून आतून कोरडं पुसा आणि पणतीऐवजी सेलचा दिवा ठेवा. आपल्या उन्हात कोरलेलं फळ दोन-तीन दिवसांत बुरसतं, तेव्हा आदल्या संध्याकाळीच कोरा. गराची भाजी करा, बिया भाजून चहासोबत.

एक मात्र पाळा: लिंबू, बिब्बा, काळी बाहुली, हळदकुंकू उंबऱ्याजवळ नको. कामासाठी आलेली एखादी म्हातारी करणी समजून दारातूनच परत जाईल, आणि मग गावभर समजावत फिरा! त्यापेक्षा शेतातलं बुजगावणं आणून साहेबांच्या खुर्चीत बसवा, अर्थात साहेबांना विचारून.