प्रभागाच्या पातळीवर हवामान बदलाचा मुकाबला: न्याय्य भागीदारी कशी उभारावी

हवामान कृती आराखडे शहराच्या पातळीवर तयार होतात. मुंबई महापालिकेने असा आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढे हरितगृह वायू हवेत सोडले जातात तेवढेच शोषले जावेत, असे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्ष काम मात्र प्रभागातच होते: कोणाच्या छताला पांढरा लेप द्यायचा, कोणत्या ओढ्याची वाट मोकळी करायची, कोणाच्या दारातला कचरा कोणी न्यायचा. अशा प्रत्येक कामासाठी महापालिका, रहिवासी, कष्टकऱ्यांच्या संघटना, महाविद्यालये आणि कधी कधी कंपन्या यांना एकत्र यावे लागते. ही भागीदारी उभी करू इच्छिणाऱ्या नागरिक गटांसाठी आणि नगरसेवकांसाठी पुढील कार्यपद्धती मांडली आहे. तिच्यातील बहुतेक दाखले पुण्याचे आहेत. लाभ कोणाला, खर्च कोणावर आणि नकार देण्याचा अधिकार कोणाकडे, हे तीन प्रश्न पहिल्या बैठकीपूर्वी लेखी सोडवले नाहीत, तर पुढे कितीही चांगली योजना आखली तरी ती आधीच सुस्थितीत असलेल्यांच्याच पदरात पडते, असे माझे ठाम मत आहे.

सध्याच्या सवलतींकडे पाहिले तरी हे लक्षात येते. सौरऊर्जा, गांडूळखत किंवा पर्जन्यजल पुनर्भरण करणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका करात सवलत देते. केंद्राच्या सूर्यघर योजनेत घराच्या छतावरील तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. दोन्ही योजना उपयुक्तच आहेत. पण स्वतःचे छत नसलेला भाडेकरू, कच्च्या घरात राहणारे कुटुंब किंवा मजूर अड्ड्यावर उभा राहणारा कामगार यांच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत, आणि उन्हाची व पुराची सर्वाधिक झळ नेमकी त्यांनाच बसते.

आधी पाहणी, मग बैठक

प्रभागाची पाहणी दोनदा करावी: एकदा एप्रिल-मे महिन्यातील दुपारी आणि एकदा भर पावसाळ्यात. सोबत वस्तीतील बचत गटाच्या महिला आणि आशा कार्यकर्त्या असाव्यात, कारण कोणत्या घरात वृद्ध एकटे राहतात, कोणत्या गल्लीत पाणी दिवसातून किती वेळ येते आणि मागच्या पुरात पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत आले होते, हे त्यांना ठाऊक असते. पत्र्याची घरे, सावली नसलेल्या भाजी विक्रीच्या जागा, पाण्याचे नळ आणि ओढ्याच्या काठावरील भिंती नकाशावर टिपाव्यात. काही घरांत साधे तापमापक लावून दुपारी आणि रात्री झोपण्याच्या वेळी नोंद घ्यावी. रात्रीची नोंद वगळू नये. काँक्रीटचा स्लॅब दिवसा शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो आणि रात्रीही शरीराला थंडावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक घातक ठरते.

बैठकीत कोण आणि कोणत्या अधिकाराने

वस्तीतील एखाद्या व्यक्तीला निमंत्रित म्हणून बोलावणे पुरेसे नाही. एकट्या माणसाला अधिकाऱ्यांसमोर विरोध नोंदवणे अवघड जाते. संघटनेच्या प्रतिनिधीला ते जमते, कारण त्याच्या मागे माणसे असतात आणि त्याला त्यांना उत्तर द्यावे लागते. म्हणून पथारी व्यावसायिक, कचरावेचक, घरकामगार आणि भाडेकरू यांनी आपापले प्रतिनिधी स्वतः निवडावेत. या बाबतीत २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा नमुना घेता येतो. त्या कायद्यानुसार नेमल्या जाणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असतात आणि त्यांतील एक तृतीयांश जागा महिलांसाठी असतात. प्रभागाच्या भागीदारीत हे प्रमाण याहून कमी ठेवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

बैठक कामाच्या वेळेत घ्यावी लागली, तर रोजंदारी बुडणाऱ्या सदस्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी. अधिकारी पगारी वेळेत येतात आणि महिलांनी मात्र धुण्याभांड्याचे काम सोडून फुकट यावे, अशी रचना असेल तर दोन बैठकांनंतर त्या येणे थांबवतील आणि मग ‘वस्तीला रस नाही’ असा शेरा इतिवृत्तात नोंदवला जाईल. कागदपत्रे मराठीत आणि बैठकीच्या आठवडाभर आधी मिळायला हवीत.

पुण्याच्या कचरावेचकांकडून काय घ्यावे

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली. कचरावेचकांची ओळखपत्रे, त्यांच्या मुलांचे शिक्षण आणि त्यांच्या कामाला मान्यता यांसाठी ही संघटना अनेक वर्षे झगडली. त्यानंतर कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. दारोदार जाऊन कचरा गोळा करण्याचे काम सदस्यांना मिळाले, त्यासाठी घरटी शुल्क घेण्याची सोय झाली आणि सुका कचरा विकून येणाऱ्या उत्पन्नावर त्यांचा हक्क राहिला.

हवामानाच्या दृष्टीने या कामाचे मोल मोठे आहे. ओला कचरा डेपोत ढिगाखाली हवेविना कुजतो तेव्हा त्यातून मिथेन निघतो, आणि २० वर्षांच्या कालावधीत या वायूचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट असतो. दारातच ओला-सुका वेगळा झाला, तर ओल्याचे खत किंवा बायोगॅस होतो आणि सुक्यातील कागद, धातू व प्लास्टिक पुन्हा वापरात येऊन नवे उत्पादन करण्याची ऊर्जा वाचते.

भागीदारी उभारणाऱ्यांनी या अनुभवातील क्रम ध्यानात घ्यावा. संघटना आधी उभी राहिली आणि करार १५ वर्षांनी झाला, म्हणूनच कचरावेचक त्या करारात मजूर म्हणून न येता पक्षकार म्हणून आले. जेथे अशी संघटना नाही, तेथे पहिले वर्ष ती उभी राहण्यासाठीच द्यावे. ते वर्ष वाया गेले असे समजू नये. कराराच्या मुदतीविषयीही सावध राहावे लागते. पुण्यात नूतनीकरण रखडून हजारो कुटुंबांची उपजीविका छोट्या मुदतवाढींवर अवलंबून राहिल्याचे प्रसंग आले. म्हणून मुदत दीर्घ असावी, ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी नूतनीकरणाची चर्चा सुरू करण्याचे बंधन असावे आणि चर्चा लांबली तर जुन्याच अटी लागू राहतील, असे कलम असावे.

याच शहराचा दुसरा अनुभव उरुळी देवाची आणि फुरसुंगी या पुण्याजवळच्या गावांचा आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे तेथे टाकला गेला, विहिरींचे पाणी खराब झाले आणि ग्रामस्थांना वारंवार आंदोलने करावी लागली. प्रभागातील एखाद्या उपायाचा भार शहराच्या वेशीबाहेर पडणार असेल, तर तेथील लोकांनाही निर्णयात जागा द्यावीच लागेल.

उष्णता आणि ओढा

पहिले काम म्हणून उष्णतेचा विषय घ्यावा, कारण त्याचा परिणाम एकाच उन्हाळ्यात दिसतो. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा सुमारे १,३०० अधिक मृत्यू झाले. त्यानंतर तेथील महापालिकेने सार्वजनिक आरोग्य संस्था आणि संशोधकांना सोबत घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. पूर्वसूचना, दवाखान्यांची तयारी आणि पाण्याची सोय हे त्याचे मुख्य भाग होते. प्रभागात याला पत्र्याच्या छतांवरील पांढऱ्या परावर्तक लेपाची जोड द्यावी. लेप फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा. साधा चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा लेप देण्याचा खर्च कोण करणार हे पहिल्याच वर्षी लिहून ठेवावे. भाड्याच्या घरात लेप देण्यापूर्वी घरमालकाकडून ठराविक काळ भाडे न वाढवण्याचे लेखी आश्वासन घ्यावे. तसे केले नाही, तर सुधारणेचा खर्च भाडेकरूच्याच खिशातून वसूल होतो.

ओढ्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातील आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने अनेकांचे जीव घेतले. त्यानंतर जून २०२१ मध्ये ऐन पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळील ओढ्याकाठची घरे पाडण्याची कारवाई सुरू झाली, रहिवाशांनी तीव्र विरोध केला आणि न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ओढ्याला वाट हवी, यात शंका नाही. पण पूररेषेचे माप झोपडीला आणि सोसायटीच्या सीमाभिंतीला एकच लावले पाहिजे, पर्यायी घराचा ताबा मिळाल्याशिवाय कोणाचेही घर हलवू नये, ते घर कामाच्या ठिकाणापासून दूर नसावे आणि पावसाळ्यात कोणतेही पाडकाम होऊ नये. या अटी भागीदारीच्या मूळ करारातच घालाव्यात, कारण आपत्ती आल्यानंतर त्या मान्य करून घेणे फार अवघड असते.

पैसा आणि तपासणी

पुण्यात २००६ पासून नागरिकांना क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन अंदाजपत्रकात छोटी कामे सुचवता येतात. वस्तीतील पाणपोई, सावलीचे छत, छतांचा लेप अशी कामे तेथे वेळेत नोंदवावीत आणि अर्ज भरण्यासाठी वस्तीतच एक दिवस मदत केंद्र चालवावे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घेण्यास हरकत नाही, मात्र निधी देणाऱ्याला कामाची जागा किंवा लाभार्थी ठरवण्याचा अधिकार देऊ नये.

प्रगतीची नोंद सोसायट्या आणि वस्त्या यांच्यासाठी वेगवेगळी ठेवावी. ‘प्रभागात इतकी छते लेपली’ या एकाच आकड्यामागे सगळी छते एकाच बाजूची असू शकतात. आढावा वर्षातून दोनदा घ्यावा: उन्हाळा सरल्यावर जूनमध्ये आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस. बैठक शक्यतो वस्तीतील समाजमंदिरात व्हावी आणि राहिलेल्या प्रत्येक कामापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद व नवी तारीख लिहिली जावी. ही नोंद फलकावर लावण्यास कार्यालय टाळाटाळ करत असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार ती स्वतःहून प्रसिद्ध करण्याची लेखी मागणी करावी आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.