एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) इन्फ्युजन म्हणजे औषधाची ड्रिप चालू असताना रिॲक्शन आली तर काय करायचं

घसा जरासा जरी खवखवला ना, तरी सिस्टरना लगेच हाक मारा. मी पहिल्या वेळी मारली नव्हती, वाटलं एसीमुळे असेल, उगाच कशाला त्यांना त्रास, मग कान खाजायला लागले, मग मान, आणि थोड्या वेळात अंगभर गांधी. ड्रिप थांबवली, इंजेक्शन दिलं, सगळं शांत झाल्यावर हळू स्पीडने परत चालू केली आणि डोस पूर्ण झाला. आधीच बोलले असते तर कदाचित नुसता स्पीड कमी करून भागलं असतं.

हे होतं कशामुळे, तर ऑक्रेलिझुमॅब किंवा रिटुक्सिमॅब ही ड्रिपमधली औषधं आपल्या बी पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मारतात, त्या फुटल्या की केमिकल्स एकदम रक्तात सुटतात, म्हणून ताप, हुडहुडी, खाज, चेहरा लालबुंद, कधी बीपी खाली. पहिल्या वेळी पेशी भरपूर असतात म्हणून त्रासही तेव्हाच जास्त, पुढे बहुतेकांना कमी होत जातो. नॅटॅलिझुमॅब या दुसऱ्या औषधाचं मात्र वेगळं, शरीराने त्या औषधाविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या तर खरी ॲलर्जी दुसऱ्या डोसलाही येऊ शकते, त्यामुळे पहिला नीट गेला म्हणून गाफील राहू नका.

जायच्या आधी: ताप, खोकला, लघवीला जळजळ काहीही असेल तर आधीच फोन करून सांगा, डोस पुढे ढकलतील. बीपीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा, कारण ड्रिपमध्ये बीपी आणखी उतरू शकतं (स्वतःच्या मनाने बंद करू नका प्लीज). ऑक्रेलिझुमॅबच्या साधारण अर्धा तास आधी मिथाइलप्रेडनिसोलोन १०० मिग्रॅ आणि ॲलर्जीचं औषध देतात, ते दिलं का हे बिनधास्त विचारा. ॲलर्जीच्या औषधाने झोप येते, गाडी चालवू नका, सोबत कोणीतरी न्या. आणि गंमत म्हणजे स्टेरॉइडमुळे त्याच रात्री झोप उडते, तोंडाला धातूसारखी चव येते, डायबेटिस असेल तर शुगर चढते, तेव्हा तपासत राहा.

ड्रिप संपल्यावर तासभर थांबवतात, घरी जायची घाई करू नका. रिॲक्शन पुढच्या २४ तासांतही येऊ शकते. अंगात ताप असला की पाय जड होणं, धूसर दिसणं अशी जुनी लक्षणं परत डोकं वर काढतात, मी तर एमएसचा नवा अटॅकच आला म्हणून रडले होते, पण एमएसने खराब झालेल्या नसांमधून उष्णतेमुळे सिग्नल नीट जात नाही, एवढंच असतं, ताप उतरला की ते निवळतं. पॅरासिटामॉल किती घ्यायची ते निघतानाच विचारून ठेवा. ताप नसतानाही नवीन लक्षण २४ तासांच्या वर टिकलं तर मात्र डॉक्टरांना फोन.

श्वास लागणं, ओठ किंवा जीभ सुजणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर फोनाफोनी करत बसू नका, सरळ ॲम्ब्युलन्स.

आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवा, ड्रिप सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी काय झालं, तेव्हा स्पीड किती होता, कशाने बरं वाटलं. पुढच्या वेळी सुई टोचायच्या आधी तेच दाखवायचं, माझी दुसरी ड्रिप त्यामुळे सुरुवातीपासूनच हळू लावली.