फेब्रुवारीत द्राक्षबागेत औषध मारायच्या आधी काय बघायचं

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडं फेब्रुवारीत पहाटे गारठा, दुपारी चटका, मधेच दोन दिवस ढग, आणि नेमकं तेव्हाच ऑक्टोबर छाटणीच्या बागेत मण्यांत पाणी उतरून (मणी मऊ पडून) साखर भरत असते. ढग दिसले की लगेच ब्लोअर (फवारणीचं यंत्र) जोडू नका, आधी बाग बघा, कारण आता मारलेल्या औषधाचा अंश मालात राहायची भीती जास्त.

सकाळी भिंग घेऊन जा. रस्त्याकडच्या धुळीच्या ओळी आणि मागल्या साली मिलीबग (पिठ्या ढेकूण) होता ती झाडं पहिली बघा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मिलीबग असणार असंच धरा, मुंग्या त्याचा गोड चिकटा खातात आणि त्याला खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. सुटलेली साल उचकटा, पांढरा पुंजका तिथं लपलेला असतो, वरून कितीबी फवारलं तरी सालीखाली औषध नीट पोचत नाही, म्हणून साल हातानं काढा, गोळा करून जाळा आणि खोडाला चिकट पट्टी गुंडाळा. जमिनीला टेकलेल्या काड्या अन् उंच तण पण काढा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात आणि पट्टी वाया जाते. चिकटा आलेला घड कापून पिशवीत भरून बाहेर न्या, बांधावर टाकू नका राव. मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरे सोडणार असाल तर कीटकनाशक बंद ठेवा.

थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) कोवळा शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला, सुरुवातीला नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा दिला तरी बराच कमी होतो.

ढगाळ हवेत भुरी (पांढरी बुरशी) घडाच्या देठावर शोधा. दाटी असंल तर घडाजवळची थोडी पानं काढा, पण पश्चिमेकडची ठेवा, दुपारचं ऊन मण्यांना भाजतं. गंधक कडक उन्हात नको, शिवाय काढणीजवळ डाग राहतात, त्यापेक्षा संध्याकाळी बॅसिलस सबटिलिस किंवा अँपेलोमायसिससारखं जैविक औषध बरं. रासायनिक मारायचंच तर काढणीला किती दिवस उरलेत ते मोजा आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस बघूनच घ्या.

ठिबकचं पाणी थोडं थोडं पण रोजच्यासारखं द्या, ताण देऊन एकदम सोडलं की मणी तडकतात.

साखर तपासताना घडाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या मण्यांचा रस घ्या, खायच्या मालाला 18 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) चालतं, बेदाण्याला 22 च्या पुढं जाऊ द्या.