मणक्यातली गादी सरकलीय आणि दौरे कमी करून हवेत? साहेबांशी बोलताना या चुका टाळा

एमआरआयमध्ये कमरेच्या एल-फोर एल-फाइव्ह मणक्यांमधली गादी सरकल्याचं निघालं, तेव्हा मी नाशिक हेडक्वार्टरला एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा कंपनीचा प्रतिनिधी होतो. सिन्नर, निफाड, येवला बाइकवर आणि महिन्यातले आठ दिवस मालेगाव-धुळे आउटस्टेशन. आज मी टीम सांभाळतो आणि तेव्हा माझ्याकडून झालेल्या चुका आता पोरं करताना बघतो, तेव्हा जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडते ती दौऱ्याच्या आदल्या रात्री फोन करायची सवय. "सर, उद्या जमणार नाही, कंबर धरलीय." मी दोन महिने हेच केलं. दुखणं खरं होतं, पण 'हा टाळतोय' हे साहेबांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. टूर प्रोग्राम, म्हणजे महिन्याच्या दौऱ्यांचा तक्ता, पास झाला की तो बदलायला त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. बोलायचं ते प्रोग्राम भरण्याआधी, आणि समोर बसून.

दुसरी चूक म्हणजे "मला प्रवास झेपत नाही" असं मोघम बोलणं. यावर साहेब तरी काय करणार? आधी आपलं दुखणं आपण नीट बघायला हवं. मी पंधरा दिवस डायरीत लिहून ठेवलं. बाइकवर चाळीस मिनिटं झाली की डाव्या पोटरीत कळ उतरायची. एसटीत मागची सीट मिळाली तर त्याआधीच. रेल्वेत मात्र त्रास नसायचा, कारण मधे उठून चार पावलं टाकता यायची. म्हणजे अडचण प्रवासाची नव्हती, सलग बसण्याची आणि दणक्यांची होती.

हे उमगल्यावर मागणीच बदलली. मालेगावला मनमाडपर्यंत रेल्वेने जाणार, एका दिवसात जाऊन-येऊन करण्याऐवजी मुक्काम करणार, येवल्याला बाइक नाही. धुळे तीन महिने सहकाऱ्याकडे, बदल्यात त्याचे नाशिक रोडचे डॉक्टर माझ्याकडे. साहेबांनी दहा मिनिटांत होकार दिला, कारण कुठलाच डॉक्टर सुटत नव्हता.

डॉक्टरांची 'विश्रांती घ्यावी' एवढीच चिठ्ठी घेऊन जाऊ नका. 'सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त दुचाकी चालवू नये, पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, सहा आठवड्यांनी फेरतपासणी' असं स्पष्ट लिहून मागा. फेरतपासणीची तारीख असली की ही सवलत कायमची नाही हे साहेबांना दिसतं. एमआरआयचा रिपोर्ट ग्रुपवर टाकायची तर काहीच गरज नाही. आजार तुमचा आहे, साहेबांना फक्त मर्यादा कळायला हव्यात.

तोंडी होकारावर थांबू नका. त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कधीपर्यंत, आउटस्टेशनचा भत्ता किती कमी होणार आणि टार्गेटचं काय. भत्त्याचं मी विचारलंच नव्हतं. पगार हातात आल्यावर कळलं.

पहिल्याच भेटीत कायद्याची भाषा नको. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, नुसती सरकलेली गादी त्यात येत नाही. शिवाय नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तरी कामावरून काढता येत नाही, हे त्यातलं संरक्षण सरकारी आस्थापनांसाठी आहे. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर मात्र अटी पूर्ण होतात का ते जरूर तपासा. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते.

आणि साहेब नाही म्हणाले, तर घरी बसून खोटे कॉल, म्हणजे न झालेल्या डॉक्टर भेटी, भरू नका. अशा प्रकरणात खरं आजारपणसुद्धा कुणी ऐकून घेत नाही. नकाराचं कारण विचारा, एकच महिना करून बघू म्हणा, तरीही नाहीच तर तीच चिठ्ठी जोडून एचआरला लिहा.

एक मात्र लक्षात असू द्या. पाय लुळा पडायला लागला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर दौरा, मेल सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.