कुलकुलं २३ तारखेला करू नका

घरातला नाताळ फिका पडतो तो भक्ती आटल्यामुळे क्वचितच. कुस्वार (नाताळचा फराळ), गोठा (येशूजन्माचा देखावा), चांदणी, साफसफाई, इस्त्रीचे कपडे, सगळं २३-२४ डिसेंबरवर येऊन आदळतं आणि तेही बहुधा घरातल्या एकाच बाईच्या अंगावर. २४ला सुट्टी नसते. ऐरोली-रबाळ्याच्या ऑफिसांत वर्षअखेरीची कामं चालू असतात, घोडबंदर रोडने घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात. मग कुलकुलं, म्हणजे मैद्याच्या छोट्या, गोड, तळलेल्या गुंडाळ्या, विकत येतात आणि मुलांना डबा उघडण्यापलीकडे काम उरत नाही. तेव्हा परंपरा किती पाळायच्या हा विचार नंतर करा. आधी तारखा धरा.

आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार त्यासाठी आयतेच मिळतात. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्या दिवशी केकचा सुका मेवा रममध्ये भिजवा. तेही राहिलं म्हणून केकवर पाणी सोडायची गरज नाही: २५० ग्रॅम मेवा १०० मिली कोमट संत्र्याच्या रसात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तरी केक चांगला होतो. फक्त ही सोय केकच्या आदल्या रात्रीची. रसातला मेवा महिनाभर टिकत नाही. काजू-बेदाणे घ्यायला वाशीच्या मसाला मार्केटला जायचं असेल, तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या.

तिसरा रविवार कुलकुलांचा. तो ११ ते १७ डिसेंबरच्या दरम्यान पडतो आणि नीट तळलेली कुलकुलं तेवढे दिवस सहज टिकतात. भांडुप-मुलुंडहून आत्या किंवा मावशी यायची असेल तर आधी मेगाब्लॉक बघा. सकाळी दहाच्या आत बोलवलेलं बरं.

५०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, ५० ग्रॅम गरम तूप, ६० ग्रॅम पिठीसाखर, २ अंडी, चिमूटभर मीठ. तूप आधी पिठाला चोळा, मग अंडी, आणि नारळाचं जाड दूध लागेल तसं, साधारण १२० ते १५० मिली. एकदम ओतू नका. सैल पीठ फणीला चिकटतं आणि तेल पितं. ते पुरीच्या पिठापेक्षाही घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. लिंबोळीएवढी गोळी तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर किंवा नव्या, धुतलेल्या फणीवर अंगठ्याने पातळ दाबायची आणि गुंडाळायची. शेवटची कड दाबून बंद केली नाही तर कुलकुल कढईत उलगडतं. गोळ्या उघड्यावर सुकल्या की कड मुळी चिकटतच नाही, म्हणून एका वेळी मूठभरच पीठ बाहेर काढा. आच मध्यम. तेल फार तापलं तर रंग येतो पण आत कच्चं राहतं आणि दुसऱ्या दिवशी सगळा घाणा मऊ पडतो. गरम असताना डबा बंद केला तरी तेच होतं. चार जण बसले तर दोन तासांत गोळ्या संपतात. वाकडी झालेली मुलांची कुलकुलं वेगळी काढू नका, तीही ताटात जाऊ देत.

आजीचं माप ‘वाटी’ असतं, आणि ती वाटी तिच्याच घरची. त्या दिवशी ती वाटी भरून वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून घ्या. आखातातल्या भावाबहिणींना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं तर याच संध्याकाळी घ्या. आपले नऊ म्हणजे दुबईचे साडेसात. २५ला तिकडे सरकारी सुट्टी नसते.

गोठ्याचं गवत विकतचं कशाला? घटाला पेरतात तसे गहू पेरा. १४च्या रात्री भिजत घाला, १५ला उथळ ट्रेमध्ये इंचभर मातीवर दाट पसरा. नाचणी पेरायची तर दोन-तीन दिवस आधी. तिचं गवत जास्त नाजूक दिसतं. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी धरून वास येतो. बाल्कनीत ऊन नसेल तर गवत उंच, पिवळट होऊन लोळतं. ट्रे सकाळच्या वेळी तरी खिडकीत ठेवा. बाळ येशूची मूर्ती २४च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही. घरातल्या सगळ्यात लहान मुलाने ती ठेवावी.

मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वेळ चर्चच्या नोटीस बोर्डावर बघूनच जेवणाचा बेत करा. लाऊडस्पीकरवर रात्री दहाची मर्यादा आल्यापासून उघड्यावरचे बरेच मिस्सा लवकर सुरू होतात. फुग्यांचं, म्हणजे फुगवून तळायच्या गोळ्यांचं, पीठही लवकर भिजवा. डिसेंबरच्या गारव्यात दोन तासांत फुगणारं पीठ तीन-चार तास घेतं.

शेजाऱ्यांच्या ताटात मात्र गफलत नको. कुलकुलांत अंडं असतं, मार्झिपानमध्येही (काजू-बदामाच्या मिठाईत) बऱ्याचदा अंड्याचं पांढरं घालतात. शाकाहारी घरी, किंवा मार्गशीर्षातले गुरुवार पाळणाऱ्यांकडे, नेवऱ्या आणि पेरूचं चीज (पेरूच्या गोड वड्या) द्या. नेवऱ्या पहिल्या, ताज्या तेलात तळा आणि वर ‘अंडं नाही’ अशी चिठ्ठी ठेवा. दिवाळीला त्यांच्याकडून करंज्या आल्या होत्या, त्यामुळे नेवरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

वेळ खरंच कमी असेल तर मिल्क क्रीम, डोदोल, रोझ कुकीज हे कुस्वारातले बाकीचे गोड पदार्थ विकत आणा, कुणी नावं ठेवणार नाही. कुलकुलांचा रविवार तेवढा ठेवा.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरा. मैदा किती लागला, काय उरलं, काय कमी पडलं, हे कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.