बंद सत्राला हरकत घेताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात स्कूल बोर्डाच्या सभेला जाणाऱ्या मराठी पालकांना विषयपत्रिकेवर ‘बंद सत्र’, म्हणजे लोकांना बाहेर ठेवून होणारी चर्चा, हे शब्द दिसले, की आता आपल्याला काही विचारण्याचा अधिकारच उरला नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १९५३ च्या ब्राउन कायद्यानुसार स्थानिक संस्थेची सभा खुलीच असावी लागते आणि दार बंद करायचे, तर त्याचे कारण कायद्यात नमूद असावे लागते. विषय नाजूक किंवा वादाचा आहे, एवढे पुरत नाही.

म्हणून नियमित सभेच्या किमान ७२ तास आधी लागणारी विषयपत्रिका ओळ न् ओळ वाचावी. ‘कर्मचाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन, पद : अधीक्षक’ अशी ओळ असेल, तर आत त्या व्यक्तीच्या कामाची चर्चा होऊ शकते, मात्र त्याच ओळीच्या आधारे तिची पगारवाढ ठरवता येत नाही. पगाराच्या वाटाघाटींसाठी वेगळी तरतूद आहे आणि कामगार संघटनेच्या कराराबाहेरील कर्मचाऱ्याच्या वेतनाचा अंतिम निर्णय त्या तरतुदीखालीही बंद दाराआड घेता येत नाही. माझ्या मते सर्वाधिक गल्लत इथेच होते, आणि ती पालकांनीच दाखवून दिली पाहिजे.

जमिनीच्या व्यवहारासाठी दार बंद करण्याची मुभा ही किंमत आणि पैसे देण्याच्या अटी यांपुरतीच आहे. तिथे शाळा बांधावी का, ही चर्चा लोकांसमोरच व्हायला हवी. तसेच केवळ वकील हजर आहेत म्हणून सत्र बंद करता येत नाही. दावा चालू असावा किंवा दाखल करण्याचा विचार असावा, नाहीतर संस्थेवर दावा होण्याची ठोस शक्यता असावी लागते.

दार बंद होताच घरी निघणे ही आणखी एक चूक. बंद सत्रापूर्वी त्या विषयावर बोलण्याची संधी लोकांना द्यावीच लागते, आणि आत घेतलेले ठरावीक निर्णय, कोणी कसे मत दिले यासह, नंतर जाहीर करावे लागतात. रात्री उशिरा रिकाम्या खुर्च्यांसमोर अध्यक्ष जी दोन वाक्ये वाचतात, ती शब्दशः लिहून घ्यावीत.

मुदत मात्र चुकवू नये. बेकायदा बंद सत्रातील निर्णय रद्द व्हावा असे वाटत असेल, तर कोर्टाआधी संस्थेकडेच ९० दिवसांत लेखी मागणी करावी लागते. चूक सुधारण्यासाठी संस्थेला ३० दिवस मिळतात. तिचा नकार हाती आल्यापासून, किंवा उत्तरच न आल्यास ते ३० दिवस संपल्यापासून, दाव्यासाठी फक्त १५ दिवस उरतात.