एक्स-रे शिकायचंय? आधी छातीचा फोटो नीट काढायला शिका

निकाल लागला की आमच्या एक्स-रे रूमबाहेर लेकरांना घेऊन आलेले पालक दिसायला लागतात. "बाई, नीटला मार्क कमी पडले. एक्स-रेचं काही होतंय का बघा की." होतंय. पण लातुरात राहून एक गोष्ट रोज बघते, इथं डॉक्टरकी हुकली की बाकी सगळं 'उरलेलं' वाटतं. त्या मनानं येणार असाल तर नका येऊ. दिवसभर उभं राहायचं, दुखणाऱ्या माणसाला उचलून-वळवून घ्यायचं आणि तरी आवाज चढू द्यायचा नाही, असं हे काम आहे.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकलची पदवी, हा त्यातला भक्कम रस्ता. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात शिकायला मिळालं तर दुसरीकडं बघू पण नका. तिथं आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पेशंट येतात. ट्रॅक्टरवरून पडलेला ऊसतोड मजूर, खोकून बेजार म्हातारा, हात मोडलेलं लेकरू, सगळं एकाच दिवसात बघायला मिळतं. सरकारी भरतीत पदाचं नाव 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' असं असतं. कोर्स निवडायच्या आधी अशी एखादी जुनी जाहिरात काढून पात्रतेचा रकाना वाचा. निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

खासगी डिप्लोमा घ्यायचा असेल तर फी विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा. सर्टिफिकेट कुणाचं मिळणार आणि त्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? आणि प्रॅक्टिकल कोणत्या दवाखान्यात? उत्तर गुळमुळीत आलं की उठायचं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर, बंद मशीनसमोर उभं करून शिकवणारे मी बघितलेत. तिथून आलेल्या पोरांना केव्ही (किरणांचा जोर) आणि एमएएस (किरणांचं प्रमाण) यांची व्याख्या पाठ असते, पण लठ्ठ माणसाच्या कमरेला किती वाढवायचं म्हटलं की गप्प. केव्ही पंधरा टक्क्यांनी वाढवला की फोटोवर एमएएस दुप्पट केल्याइतका परिणाम होतो, हे वहीत लिहून भागत नाही. हाताला कळावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. पहिलं वर्ष ॲनाटॉमी-फिजिओलॉजीत जाईल, हाडांची नावं पाठ कराच. पण मशीनजवळ उभं राहायला मिळालं की छातीच्या फोटोवर हात बसवा. सोपा दिसतो, म्हणून बिघडतो. किरणं सोडणारी ट्यूब १८० सेंटिमीटरवर, म्हणजे सहा फूट. जवळून आणि समोरून घेतला की हृदय मोठं दिसतं, म्हणून पेशंटची छाती कॅसेटला, म्हणजे फोटोच्या प्लेटला, आणि पाठ ट्यूबकडं. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढं ढकलायची, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात.

मग श्वास. "श्वास घ्या" म्हटलं की आपल्याकडची मंडळी गाल फुगवतात. मी म्हणते, "मामा, हवा आत ओढा... सोडा... परत ओढा, अजून ओढा, आता धरून ठेवा." दुसऱ्या वेळेस छाती खरी भरते. फोटो आला की मागच्या बरगड्या मोजा, फुप्फुसाखालच्या पडद्याच्या (डायफ्रामच्या) वर नऊ-दहा दिसल्या पाहिजेत. कमी दिसल्या तर श्वास अर्धाच घेतलाय. मग खालचा भाग धुरकट दिसतो आणि डॉक्टर नसलेल्या न्यूमोनियाच्या मागं लागतात. दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का तेही बघा. नसतील तर माणूस तिरका उभा होता.

मंगळसूत्र, ताईत काढायला सगळेच सांगतात. वेणी विसरतात. जाड वेणी खांद्यावरून पुढं राहिली की फुप्फुसाच्या शेंड्यावर सावली पडते, आणि टीबीचा डागही बहुतेक वेळा तिथंच असतो. वेणी वर बांधून घ्या. खुब्याच्या फोटोला करदोटा आणि खिशातली चुन्याची डबी.

हातापायाच्या फोटोचं थोडक्यात: एकमेकांना काटकोनात दोन फोटो आणि जवळचा सांधा फ्रेममध्ये. "एकच काढा, पैसे वाचतील," असं नातेवाईक म्हणतात. एका फोटोत सरळ दिसणारं हाड दुसऱ्यात चक्क तुटलेलं असतं.

बाईचा पोटाचा किंवा कमरेचा फोटो असेल तर पाळी कधी आली होती हे विचारायचंच. पण सासूसमोर नाही. "आजी, तुम्ही बाहेर बसा, आत किरणं असतात," हे खरंच कारण आहे, त्याचा उपयोग करा. दार लावलं की विचारा. नवी सून सासूसमोर मान हलवून 'नाही' म्हणते आणि दार लागल्यावर "दोन महिने झाले बाई" म्हणते. असं कळलं की बटण दाबायचं नाही, डॉक्टरला फोन करायचा. पोरांनो, हा प्रश्न तुम्हालाही विचारावा लागणार. लाजू नका, जमलं तर सिस्टरला सोबत घ्या.

आणखी एक. छोट्या दवाखान्यात कुणीतरी कधीतरी म्हणेल, "जरा सोनोग्राफीचा प्रोब फिरव." हात लावायचा नाही. ते तंत्रज्ञाचं काम नाही, आणि गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे. २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. त्यामुळं इथं हा विषय चेष्टेचा नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी पगाराआधी टीएलडी बॅज मागा, अंगावर किती किरणं पडली हे तो मोजतो. 'येतोय, येतोय' म्हणत महिने काढणारे मालक असतात. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणं आपल्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. नीट काम केलं तर त्याच्या आसपासही जाणं होत नाही, पण बॅजच नसेल तर ते कळणार कसं? बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत लावायचा. घरी जाताना एक्स-रे रूममध्ये टांगून ठेवायचा नाही, नाहीतर किरणं खाणार बॅज आणि रिपोर्टवर नाव तुमचं. वॉर्डात पोर्टेबल मशीन नेलं की बटणाची वायर पूर्ण ताणून दोन मीटर लांब उभं राहा. अंतर दुप्पट झालं की किरणं चौपटीनं कमी होतात. दर तीन महिन्यांचा रिपोर्ट मागून बघा, आणि नोकरी बदलताना आपला टीएलडी नंबर नव्या ठिकाणी सांगा, म्हणजे आधीचा डोस तुमच्याच खात्यावर पुढं चालू राहील.